काळ्या रानातील संरक्षक भिंत : ती का ढासळते, कशी सावरावी

वडूज आणि परिसरात दुकानगाळे किंवा गोदाम बांधायचे म्हटले की सपाट आणि कडक जागा आता सहजासहजी मिळत नाही. रस्त्याकडेची जागा महाग. म्हणून व्यापारी मंडळी ओढ्याकडे किंवा येरळेच्या अंगाला उतरणारी जागा घेतात, पुढची बाजू रस्त्याच्या पातळीला आणतात, मागे आठ-दहा फुटांची भिंत उभी करतात आणि आत भराव टाकून त्यावर माल रचतात. या भिंतीला संरक्षक भिंत म्हणतात. इंजिनियर तिला रिटेनिंग वॉल म्हणतात. उर्दूत तिला 'पुश्ता' असा शब्द आहे. पुश्त म्हणजे पाठ. जमिनीला पाठबळ देणारी ती पुश्ता, आणि आमच्या मते या तिन्ही नावांत हेच नाव तिचे काम नेमके सांगते.

आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनियर नव्हे. परंतु ज्या भिंतीच्या भरवशावर लाखो रुपयांचे तागे आणि गठ्ठे उभे असतात, तिचा हिशेब समजून घेणे हे व्यापाराचेच काम आहे. शिवाय अशा भिंतीच्या आडोशाला हमाल, मजूर आणि त्यांची लेकरे वावरत असतात, हेही विसरून चालत नाही. या लेखातील माहितीवरून कोणी स्वतः भिंतीचा नकाशा काढू नये. ती विटा-सिमेंटचा सौदा करताना योग्य प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी आहे.

पहिली गोष्ट अशी की कंपाउंडची भिंत आणि संरक्षक भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कंपाउंडची भिंत फक्त स्वतःचे वजन आणि वारा सोसते. संरक्षक भिंतीला मागची माती रात्रंदिवस ढकलत असते. हा ढकला किती असतो? भिंत ३ मीटर, म्हणजे साधारण १० फूट उंच धरू. मागे चांगला कोरडा मुरूम भरला आहे, त्याचे वजन घनमीटरला १.८ टन. तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर सुमारे २.७ टनांचा आडवा दाब येतो. आता त्याच भरावात वरपर्यंत पाणी साचले असे धरा. मातीचा स्वतःचा दाब पाण्यात बुडाल्यामुळे घटून दीड टनावर येतो, पण पाण्याचा स्वतंत्र दाब साडेचार टनांचा येतो. बेरीज ६ टन. भिंत तीच, माती तीच, फक्त पाण्याला बाहेर जायला वाट नाही एवढ्याने बोजा दुपटीहून जास्त झाला.

हा बोजा पेलणारी बाजूही पाहू. दगडी भिंत ३ मीटर उंच, माथ्याला २ फूट आणि पायाला ५ फूट रुंद असेल तर दर मीटर लांबीला तिचे वजन साडेसात टनांच्या आसपास भरते. तळाशी घर्षण वजनाच्या निम्मे धरले तर ती पावणेचार टनांपर्यंतचा ढकला घसरल्याशिवाय सोसेल. २.७ टनांपुढे ती उभी राहते, पण ६ टनांपुढे राहत नाही. मिस्त्री म्हणतो, "शेठ, भिंत भक्कम आहे," आणि तो खोटे बोलत नसतो. कोरड्या दिवसात ती खरोखरच भक्कम असते.

उंचीचा हिशेब तर याहून कडक आहे. उंची दुप्पट केली की ढकला चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. म्हणून पाच फुटांच्या भिंतीवर पुढे आणखी पाच फूट चढवून घेणे, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार, केवळ दुप्पट धोक्याचा नसतो. मालाचेही तसेच. भिंतीमागे लगेच गठ्ठ्यांची थप्पी लावली आणि तिचा भार चौरस मीटरला दीड टन झाला, तर ३ मीटरच्या भिंतीवर आणखी दीड टन आडवा दाब येतो, आणि तो उंचीच्या मध्यावर लागू होत असल्याने उलथवायला जास्त उपयोगी पडतो. ट्रक भिंतीच्या कडेला मागे आणून उभा करणे हाही याच जातीचा बोजा.

हे सर्व मुरमाच्या भरावाविषयी झाले. खरी अडचण काळ्या मातीत आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी माती तयार झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळले की पुन्हा जवळ येतात. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगांत हात आरपार जातो हे आपण लहानपणापासून पाहतो. फुगताना अडवले तर या मातीचा दाब प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला १ ते ३ किलोपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त भरतो. १ किलो म्हणजे चौरस मीटरला १० टन. वर आपण ज्या दाबाचा हिशेब केला तो ३ मीटर खोलीवर कोरड्या मुरमाचा चौरस मीटरला पावणेदोन-दोन टनांच्या आसपास येतो. यावरून फरक ध्यानात यावा.

भिंत किंचित सरकली की फुगण्याचा हा जोर झपाट्याने उतरतो. म्हणून काळ्या मातीमागची भिंत बहुधा एका पावसाळ्यात पडत नाही. पहिल्या वर्षी ती दोन बोटे पुढे येते आणि थांबते. उन्हाळ्यात माती आकसते, भिंतीमागे फट पडते, त्या फटीत वरचा केरकचरा, खडे आणि सुटी माती उतरते. पुढच्या पावसात माती फुगते तेव्हा तिला मागे जायला जागा उरलेली नसते. भिंत आणखी दोन बोटे पुढे. असे दरवर्षी पाचर ठोकल्यासारखे चालते. खटाव तालुका पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे इथे भिंतीला धोका नाही असे समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. सतत ओली राहणारी माती एकदा फुगून स्वस्थ बसते. आमच्याकडे आठ महिने कडकडीत वाळणे आणि परतीच्या पावसात एका रात्रीत भिजणे, हाच क्रम आहे, आणि काळ्या मातीला तोच सर्वांत जास्त हालवतो.

महाराष्ट्रात अलीकडे पडलेल्या भिंती पाहिल्या तर कारणे एकसारखी नाहीत. मुंबईत मालाड पूर्वेला पिंपरीपाडा येथे १ आणि २ जुलै २०१९ च्या मधल्या रात्री टेकडीवरील पालिकेच्या जलाशयाभोवतीची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली. सांताक्रूझ वेधशाळेत त्या २४ तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, म्हणजे वडूजच्या वर्षभराच्या पावसाचा सुमारे पाऊण हिस्सा एका दिवसात. टेकडीवरून उतरलेले पाणी भिंतीमागे साचले आणि भिंतीला धरणाचे काम करावे लागले. ती धरण म्हणून बांधलेली नव्हती.

त्याच्या दोनच दिवस आधी, २९ जून २०१९ रोजी, पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यातील बहुतेक मजूर बिहारचे. इथे भिंतीच्या पायथ्याशीच शेजारच्या इमारतीसाठी खोदाई झालेली होती. पायथ्याची माती ही भिंतीची दुसरी पाठ असते. ती काढली की वरची भिंत कितीही जाड असो, ती अधांतरीच.

आणि आपल्या जवळचे म्हणजे पंढरपूर. १४ ऑक्टोबर २०२० रोजी परतीच्या जोरदार पावसात चंद्रभागेच्या कुंभार घाटावरची नव्याने बांधलेली भिंत कोसळली आणि तिच्या आडोशाला थांबलेली सहा माणसे दगावली. नदीकाठच्या भिंतींची एक जादा अडचण आम्ही इथे सांगून ठेवतो. पूर चढतो तेव्हा पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांना असते, म्हणून भिंत तोलून उभी राहते. पूर झपाट्याने ओसरतो, पुढचे पाणी जाते, पण मागच्या मातीतील पाणी तितक्या लवकर जात नाही. म्हणून येरळेच्या काठी किंवा ओढ्याकाठी ज्यांची भिंत आहे त्यांनी पूर असतानापेक्षा पूर उतरल्यावरच्या दोन दिवसांत तिच्याखाली कोणाला जाऊ देऊ नये.

तर काळ्या मातीचे करायचे काय? या प्रश्नावर मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी मोठे काम केले. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे १ मीटर जाडीचा थर दाबून घातला तर खालच्या मातीचे फुगणे आटोक्यात येते, असे त्यांनी प्रयोगांतून दाखवले. कर्नाटकातील मलप्रभा कालव्याचे अस्तर अशा मातीत टिकत नव्हते, तिथे ही पद्धत वापरली गेली आणि पुढे ती कालव्यांच्या भारतीय मानकातही आली. मुख्य मुद्दा असा की नुसती वाळू हे काम करीत नाही. वाळू पाणी आत घेते आणि काळ्या मातीला धरून ठेवण्याचा चिकटपणा तिच्यात नसतो. आपल्याकडचा चांगला मुरूम, ज्याच्यात थोडा मातीचा अंश आहे, तो या कामाचा.

संरक्षक भिंतीला हेच लागू करायचे तर भिंतीच्या पाठीला लागून एक-दीड फूट फोडलेला दगड आणि खडी, त्यामागे निदान ३ फूट मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करून, आणि त्यामागे मूळची जमीन, असा क्रम असावा. वरून मुरमाचा किंवा फरशीचा थर, भिंतीपासून उलट्या बाजूला उतार, आणि पाणी नेणारी गटार. भिंतीत ३ ते ४ इंची पाइपांची छिद्रे, चार-पाच फुटांवर, एका आड एक ओळीने आणि बाहेरच्या बाजूला किंचित उताराने. ही छिद्रे नुसत्या मातीत उघडू नयेत, दगडाच्या थरात उघडली पाहिजेत, नाहीतर वर्षभरात बुजतात. पाया काळ्या मातीतून खाली कडक मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. काळी माती फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंद असलेले पाइल घालतात. साधारण साडेतीन मीटर खोल गेले की ओल-वाळीचा खेळ बराच मागे राहतो, आणि कंदाचा व्यास दांड्याच्या अडीचपट असल्याने माती फुगली तरी खांब वर उचलला जात नाही.

आरसीसी भिंतीत आणखी एक गोष्ट मालकाने स्वतः उभे राहून पाहावी. उभ्या सळ्यांची मुख्य जाळी मातीच्या बाजूला असली पाहिजे, कारण माती ढकलते तेव्हा ताण त्याच अंगाला पडतो. दिसायला सोपे म्हणून ती पुढच्या अंगाला बांधली जाते. एकदा काँक्रीट ओतले की कोणाला काही कळत नाही, फक्त भिंतीला कळते.

माती किती फुगीर आहे हे पाहायला एक सोपी चाचणी भारतीय मानकात दिली आहे, ती शाळेच्या प्रयोगशाळेतही होते. वाळवून बारीक चाळलेली माती, मानकाप्रमाणे ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरलेली, १०-१० ग्रॅम दोन मापी नळ्यांत घ्यावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरावे, ढवळून हवा काढावी आणि २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली १६ वर, तर फुगवटा ६० टक्के. २० टक्क्यांखाली असेल तर चिंता कमी, ३५ च्या वर असेल तर जास्त, आणि ५० च्या वर असेल तर ती माती भिंतीमागे एक पाटीही घालू नये. रॉकेल मिळणे आता जिकिरीचे झाले आहे, पण एवढ्या कामापुरते कुठे ना कुठे मिळते. विकत घेतलेला मुरूमही याच कसोटीवर तपासावा, कारण मुरूम म्हणून काळपट माती घालणारे ट्रॅक्टरवालेही या बाजारात आहेत.

आता दुरुस्तीकडे. आमच्या ओळखीच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामामागे ओढ्याकडेला १० फूट उंच आणि ४० फूट लांब आरसीसी भिंत होती. पाया खोदताना निघालेली काळी माती बाहेर टाकण्याचा खर्च आणि मुरमाच्या खेपा, दोन्ही वाचवण्यासाठी ठेकेदाराने तीच माती मागे लोटली होती. छिद्रे होती, पण त्यांच्या तोंडाशी दगड नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माथा ओळंब्याच्या बाहेर चार इंच गेला आणि गोदामाच्या फरशीला भिंतीशी समांतर भेग पडली. मालकाचा पहिला विचार सर्वांचा असतो तोच होता : भेगेत सिमेंट भरू आणि भिंतीला पुढून गिलावा करू. सुदैवाने त्यांनी साताऱ्याहून एका अनुभवी इंजिनियरला बोलावले.

त्याने पहिले काम सांगितले ते फुकटचे होते. भिंतीपासून दहा फुटांतील सगळी पोती त्याच दिवशी हलवा, आणि भिंतीखाली राहणाऱ्या माणसांना दुसरीकडे जागा द्या. मग भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. काच तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. दर पंधरवड्याला ओळंबा लावून माथ्याचे अंतर वहीत लिहिले. व्यापाऱ्याला ही वही लगेच पटली. डिसेंबरपर्यंत हालचाल थांबल्याचे दिसले तेव्हा काम सुरू केले.

भिंत कशी वाकली आहे यावरून रोग ओळखतात. माथा पुढे झुकला असेल तर ती उलथायच्या बेतात आहे किंवा पुढच्या अंगाचा पाया खचतो आहे. मधोमध पोट सुटले असेल तर पाणी किंवा फुगणे, आणि लोखंड कमी. तळच पुढे सरकला असेल तर पायथ्याला आधार नाही. धान्य व्यापाऱ्याच्या भिंतीला माथा झुकलेला, पण पाया कडक मुरमावर आणि जाग्यावर. म्हणून ती पाडावी लागली नाही. मागचा भराव एकदम सगळा न उकरता आठ-आठ फुटांच्या टप्प्यांत, एकाआड एक, काढला. प्रत्येक टप्प्यात दगडाचा थर आणि मुरूम भरून, मगच पुढचा टप्पा. जुन्या छिद्रांशिवाय तळाशी छिद्र पाडलेला एक पाइप भिंतीच्या लांबीने घालून त्याचे तोंड ओढ्याकडे काढले. पुढच्या बाजूला दहा-दहा फुटांवर काँक्रीटचे धिरे दिले, त्यांचे पाये आधी एकेक करून खोदले आणि भरले, कारण पायथ्याशी सलग चर खोदला असता तर कोंढव्याचाच प्रकार झाला असता. मुरूम पुरेसा नव्हता तिथे मागच्या काळ्या मातीत कळीचा चुना मिसळला. वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना मातीचे फुगणे पुष्कळ कमी करतो, मात्र तो नीट मिसळला पाहिजे. वरून भुरभुरून उपयोग नाही.

पुढून धिरा देऊन जुने बांधकाम सावरण्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयना धरणाच्या उंच भागांना वरच्या टप्प्यात तडे गेले. तातडीने तडे इपॉक्सीने भरले, ताणलेल्या तारांचे दोर वरून खाली घालून भिंत आवळली, आणि नंतर मागच्या अंगाला काँक्रीटचे पुश्ते देऊन ते भाग कायमचे मजबूत केले. तंत्र हजारो पटींनी मोठे, विचार तोच.

मुंबईत मलबार हिलवर ऑगस्ट २०२० मध्ये बी. जी. खेर मार्गाकडचा उतार भिंतीसह घसरला तेव्हा तिथे उतारात लोखंडी सळ्या खोलवर ठोकून-भरून जमीन शिवून काढण्याची पद्धत वापरली. सळ्या घालण्यासाठी मोठी यंत्रे लागतात, लहान व्यापाऱ्याला ते परवडत नाही. आमच्या मते ओढ्याकाठी पाच-सहा फुटांपर्यंतच्या कामाला तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन चांगले. पाणी त्यातून आपोआप निघून जाते आणि जमीन थोडी हलली तरी ते मोडत नाही, वाकते.

शेजाऱ्याशी व्यवहाराचाही प्रश्न येतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात, मूळ स्थितीतील जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क मानला आहे. पण 'मूळ स्थितीतील' हा शब्द महत्त्वाचा. आपण भराव टाकून वर गोदाम बांधले असेल तर त्या जादा बोज्याचा आधार शेजाऱ्याने द्यावा असा दावा आपोआप उभा राहत नाही. म्हणून शेजारी खोदाई करणार असे कळताच तोंडी गोडीगुलाबीवर न थांबता लेखी पत्र द्यावे, आपल्या भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत आणि खोदाईच्या बाजूला आधार कसा देणार ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.

विम्याचे तर पुष्कळांना ठाऊकच नसते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे. तीत पूर आणि जमीन खचणे, दरड कोसळणे यांचे संरक्षण आहे. परंतु नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे आणि तडकणे, भराव टाकलेल्या जमिनीचे खचणे, सदोष नकाशा, सदोष कारागिरी किंवा सदोष माल यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. काळ्या मातीचा भराव आणि बुजलेली छिद्रे हे सर्व्हेअरच्या डोळ्यांना याच यादीत दिसते. म्हणून नकाशा, मुरमाच्या पावत्या, भराव चालू असतानाचे फोटो आणि ओळंब्याची ती वही हिशेबाच्या चोपड्यांइतकीच जपून ठेवावी. आत भिजलेल्या मालाचा दावा त्यांच्यावर अवलंबून राहू शकतो.

कामाचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात भराव करू नये असे नाही, पण तेव्हा माती पूर्ण आकसलेली असते आणि भेगा बुजवून दाबलेला भराव पहिल्याच पावसात जास्त जोर करतो. काम संपल्यावर पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या पुढच्या बाजूने चालत जावे. छिद्रांतून निवळ पाणी ठिबकत असेल तर ठीक. गढूळ पाणी येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे, दगडाचा थर नीट बसलेला नाही. आणि भिंत ओलसर, पण छिद्र कोरडे असेल तर ते बुजले आहे. त्यात लांब सळी घालून त्याच दिवशी मोकळे करावे, आणि तोपर्यंत मागे थप्पी लावू नये.